विठ्ठल सखाराम पागे

विठ्ठल सखाराम पागे (जन्म : २१ जुलै १९१०, मृत्यू : १६ मार्च १९९०) हे स्वातंत्र्यसैनिक, गांधीवादी कार्यकर्ते, संतसाहित्याचे अभ्यासक आणि महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. वि. स. पागे या नावाने ते अधिक परिचित आहेत. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून त्यांची ओळख आहे. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितल्यास ते पुरविणे ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांनी मांडले. त्यासाठी स्वतंत्र कर आणि स्वतंत्र निधी उभा राहिल्यामुळे हे तत्त्व घोषणेपुरते उरले नाही.

== पूर्वायुष्य ==
पागे यांचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यात झाला; हा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी कारावास भोगला. महात्मा गांधी व विनोबा भावे यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव होता. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे त्यांची शेती होती. पर्जन्यछायेतील या तालुक्यात खरिपाची कामे आटोपली की शेतमजुरांच्या हाताला काम उरत नसे. गावातील हे रिकामे महिने पागे यांनी जवळून पाहिले होते.

== विधान परिषदेचे सभापती ==
१९६० साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर पागे विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले. इतका दीर्घ काळ हे पद भूषविणारे दुसरे सभापती झालेले नाहीत.

या पदाच्या मर्यादा लक्षात घेतल्या, तर त्यांच्या कार्याचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. सभापती सभागृहातील चर्चेत भाग घेत नाही आणि मते समसमान झाली तरच आपले निर्णायक मत देतो. शिवाय राज्यघटनेनुसार धनविधेयकाच्या बाबतीत विधान परिषद केवळ शिफारस करू शकते. १४ दिवसांत ते परत पाठविणे तिला बंधनकारक असते. पैशावर अधिकार नसलेल्या सभागृहाच्या आणि चर्चेत बोलू न शकणाऱ्या पदाच्या आसनावरून पागे यांनी राज्याच्या खर्चाची एक नवी बाब सुचविली. सभागृहाबाहेरचा पत्रव्यवहार, आकडेमोड आणि मंत्र्यांशी केलेली चर्चा एवढीच साधने त्यांच्या हाती होती.

== योजनेची कल्पना ==
योजनेच्या उगमाबद्दल सांगितली जाणारी हकीकत घरगुती आहे. विसापूरच्या शेतीचा मजुरीचा हिशेब पाहताना ठरावीक रकमेत किती माणसांना किती दिवस काम मिळते, हे पागे यांनी पत्नीकडून जाणून घेतले आणि तोच हिशेब संपूर्ण राज्यासाठी मांडून पाहिला. काम नसलेल्या मजुरांना काम देण्याचा खर्च मोठा असला, तरी राज्याच्या आवाक्याबाहेरचा नाही, असे त्यातून निघाले. त्यांनी हा विचार तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यात त्याचा प्रायोगिक अवलंब झाला आणि १९७२ साली योजना राज्यभर लागू करण्यात आली.

योजना सुरू होताच महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ ओढवला. नवी योजना काही काळ जुन्या पद्धतीच्या दुष्काळी कामांत बुडून गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, रस्त्यांचे भराव घालणे, पाझर तलाव खोदणे अशी ही कामे होती. दुष्काळी काम आणि हमीचे काम यांतला फरक मात्र मूलभूत होता. दुष्काळी काम शासनाने टंचाई जाहीर केल्यावर सुरू होई, तर हमीचे काम मजुराच्या मागणीवर सुरू व्हावे, असा पागे यांचा आग्रह होता. मागेल त्याला काम हे सूत्र त्यातूनच रूढ झाले.

== करांची जोड ==
हमीचा खर्च दरवर्षी अर्थसंकल्पातील इतर बाबींशी स्पर्धा करून मिळवावा लागला असता, तर पावसाचे एखादे चांगले वर्षही तिला कात्री लावण्यास पुरेसे ठरले असते. म्हणून योजनेला करांचा आधार देण्यात आला. महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम, १९७५ अन्वये व्यवसाय कर सुरू झाला. शहरांतील मालमत्तांवर शिक्षण उपकराच्या जोडीने रोजगार हमी उपकर बसविण्यात आला. यांखेरीज मोटार वाहने, विक्रीकर आणि ओलिताखालील जमिनी यांवरील अतिरिक्त आकारणीतूनही पैसा उभा राहिला. या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच भर राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी तरतूद झाली.

या व्यवस्थेत शहरातील पगारदार खेड्यातील मजुराचा भार उचलतो. ठाणे जिल्ह्यात हे अंतर फारच थोडे आहे. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी व विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, उल्हासनगरलगतची सेंच्युरी रेयॉन येथील कामगारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील दुकाने व कारखान्यांच्या घरपट्टीत रोजगार हमी उपकराचा रकाना आला. बदलापूरच्या पलीकडे मुरबाड तालुक्यात भातकापणी संपल्यावर वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या आदिवासी मजुरांसाठी हा पैसा होता. पगारपत्रकावरील ही कपात बहुतेकांना ठाऊक असते. ती कशासाठी सुरू झाली, हे मात्र फारसे ठाऊक नसते.

राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने व्यवसाय कराची कमाल मर्यादा प्रतिव्यक्ती वर्षाला २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. महाराष्ट्रात हा कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा कापला जातो, तो वर्षाची बेरीज बरोबर २,५०० व्हावी म्हणून. कमाल मर्यादेमुळे सामान्य लिपिक आणि मोठी प्राप्ती असलेला व्यावसायिक यांच्यावर जवळपास सारखाच कर पडतो, हा या करातील उघड दोष आहे.

== रोजगार हमी अधिनियम ==
शासन निर्णयाने चालणारी योजना दुसऱ्या शासन निर्णयाने बंदही करता येते. कायद्याचे महत्त्व त्यामुळे होते. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ विधिमंडळाने संमत केला तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. त्याआधी शंकरराव चव्हाण यांचेही मंत्रिमंडळ येऊन गेले होते. योजना एका मंत्रिमंडळाची राहिली नाही, हे यावरून दिसते.

कामाचा हक्क सांगणारा राज्यघटनेचा ४१ वा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत मोडतो. न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही. या अधिनियमाने ग्रामीण भागापुरता त्याला वैधानिक आधार दिला. मागणीनंतर १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देणे शासनावर बंधनकारक झाले. नवे काम उघडण्यासाठी किमान ५० मजुरांची अट ठेवण्यात आली. स्त्री-पुरुषांना समान दर असल्याने स्त्रिया मोठ्या संख्येने कामावर आल्या.

== टीका आणि पुढील वाटचाल ==
खोटी हजेरीपत्रके, अर्धवट सोडलेली कामे आणि उशिरा मिळणारी मजुरी या तक्रारी योजनेच्या पाठीस आरंभापासून लागल्या. बेकारी भत्ता प्रत्यक्षात क्वचितच दिला गेला. नालाबांध व पाझर तलाव यांचा लाभ मजुरापेक्षा जमीनधारकास अधिक झाला, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. १९८८ मध्ये मजुरीचे दर जवळपास दुप्पट झाल्यावर उपलब्ध कामे घटली. मागणीप्रमाणे काम देण्याऐवजी निधीप्रमाणे काम देण्याकडे प्रशासनाचा कल झाला. पुढे तर या नावाने गोळा झालेल्या करांपेक्षा योजनेवरील खर्च कमी राहिल्याची वर्षेही आली. कराचा पैसा प्रथम राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि विनियोजनानंतरच रोजगार हमी निधीकडे वळतो. त्यामुळे कायद्याने बांधलेली गाठही व्यवहारात सैल राहू शकली.

पागे यांचे १९९० मध्ये निधन झाले. त्याच वर्षी फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली आणि लहान शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवरील कामे तिच्या कक्षेत आली. संसदेने २००५ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. केंद्राच्या त्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची मर्यादा नसल्याने त्यापुढील दिवसांचा खर्च राज्याने आपल्या निधीतून करण्याची तरतूद ठेवली.