चारशे मीटरचे तुकडे आणि तीन सुवर्णपदकं : एमिल झाटोपेकची गोष्ट

१९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये, त्याच आठवड्यात, एक टक्कल पडत चाललेला, तोंड वेडंवाकडं करून पळणारा माणूस साऱ्या जगाच्या तोंडी होता. त्याचं नाव एमिल झाटोपेक. ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन, या तिन्ही शर्यतींत त्याने आठ दिवसांत सुवर्णपदक घेतलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये हे त्याच्या आधी कुणाला जमलं नव्हतं आणि आजवर पुन्हा कुणाला जमलेलं नाही.

बाटाच्या कारखान्यातला पोरगा

एमिलचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा. गाव कोप्रिव्हनित्से, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकिया देशातलं. बाप सुतारकाम करायचा, घरात खाणारी तोंडं भरपूर. त्यामुळे कोवळ्या वयातच त्याला झ्लीन शहरातल्या बाटाच्या चप्पल-बुटांच्या कारखान्यात जावं लागलं. आपल्याकडे दुकानांवर ज्या बाटाचं नाव दिसतं, तीच ही कंपनी.

पळायची त्याला अजिबात हौस नव्हती. १९४१ मध्ये कारखान्याने कामगार पोरांची शर्यत ठेवली आणि त्याचंही नाव घातलं. तब्येत बरी नाही असं सांगून त्याने टाळायला बघितलं, पण डॉक्टरने तपासून ठणठणीत ठरवलं. मग नाइलाजाने उतरला. शंभरेक पोरांत दुसरा आला आणि तिथून त्याला पळण्याचं वेड लागलं.

रोजच्या हळू राउंडने काय होणार?

सुरुवातीला झ्लीनमधल्याच यान हालुझा या धावपटूने त्याला सरावाची वाट दाखवली. पुढे एमिलने आपलं डोकं चालवलं. त्याचा विचार साधा होता. हळू पळता तर येतंच, शिकायचं आहे ते जोरात पळायला. पण सगळं अंतर एका दमात जोरात पळता येत नाही. मग त्याचे तुकडे पाडायचे. एक तुकडा जोरात, मग थोडं हळू पळून दम खायचा, की पुन्हा पुढचा तुकडा.

त्याचा गाजलेला सराव असा होता: आधी २०० मीटर पाच वेळा, मग ४०० मीटर वीस वेळा, शेवटी पुन्हा २०० मीटर पाच वेळा. मधल्या वेळात उभं राहायचं नाही, हळू पळत राहायचं. हिशेब केला तर नुसतं जोरात पळणंच १० किलोमीटर होतं. म्हणजे पूर्ण शर्यतीएवढं. लोक हसायचे. लांब पल्ल्याचा माणूस छोट्या पल्ल्याचा सराव कशाला करतो, असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तो सैन्यात गेला. तिथे ड्युटी सांभाळून जंगलात, बर्फात, जड मिलिटरी बूट घालून पळायचा. पाऊस आहे, थंडी आहे म्हणून सराव बुडवला नाही. पुढे ४०० मीटरचे तुकडे विसाचे चाळीस झाले. पण हे एका महिन्यात झालं नाही, वर्षं लागली.

थोडक्यात हुकलं, तेही शिकवून गेलं

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये १० हजार मीटरला दुसऱ्या नंबरपेक्षा जवळपास ४८ सेकंद आधी पोचून त्याने सुवर्ण घेतलं. ५ हजार मीटरला मात्र शेवटचा जोर लावायला उशीर झाला. बेल्जियमचा गास्तों रेफ ०.२ सेकंदाने पुढे गेला आणि एमिलला रौप्यावर थांबावं लागलं.

चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच ५ हजार मीटरच्या शेवटच्या राउंडला तो चौथ्या नंबरवर ढकलला गेला होता. शेवटच्या वळणावर त्याने असा जोर काढला की पुढचे तिघेही मागे पडले. दमलेल्या पायांनी पुन्हा जोरात पळायची सवय सरावातच झाली होती, ती तिथे कामाला आली. त्याच दिवशी त्याची बायको डाना हिनेही भालाफेकीत सुवर्णपदक मिळवलं. नवरा-बायकोची जन्मतारीखही एकच, वर्षासकट.

मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. इंग्लंडचा जिम पीटर्स तेव्हा सगळ्यात वेगवान मॅरेथॉनवाला. एमिलने पळता पळताच त्याला वेग बरोबर आहे का म्हणून विचारलं. पीटर्सने वेग कमीच आहे असं सांगितलं. एमिल सरळ पुढे निघून गेला. पीटर्सच्या पायात गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. एमिलने २ तास २३ मिनिटं ३ सेकंदांत शर्यत जिंकली. दुसरा आलेला धावपटू अडीच मिनिटांनी पोचला.

१९५४ मध्ये १० हजार मीटर २९ मिनिटांच्या आत पळणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकआधी काही आठवडे त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, तरी मॅरेथॉनमध्ये सहावा आला.

मैदानाबाहेरचा एमिल

ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्कच्या नावावर अनेक विश्वविक्रम होते, पण ऑलिम्पिकचं सुवर्ण कधी नशिबी आलं नाही. १९६६ मध्ये तो प्रागला आला, तेव्हा निघताना एमिलने त्याच्या हातात एक पुडकं ठेवलं. नंतर उघडून बघितलं तर आत एमिलचं १९५२ चं एक सुवर्णपदक!

१९६८ मध्ये रशियाच्या फौजा त्याच्या देशात शिरल्या. सरकारी मान, सैन्यातली मोठी नोकरी, सगळं असताना एमिल उघडपणे विरोधात उभा राहिला. त्याची किंमत मोजावी लागली. पक्षातून आणि सैन्यातून त्याला काढलं. जमिनीत बोअर मारणाऱ्या पथकाबरोबर घरापासून लांब मजुरी करावी लागली. पुढे दबावाखाली त्याला नमतंही घ्यावं लागलं. राजवट बदलल्यावर १९९० मध्ये त्याला पुन्हा मान मिळाला. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये तो वारला.

भरतीच्या पोरांनी काय घ्यावं?

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं. म्हणजे ४०० मीटरचे चार तुकडे. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर एकाच वेगाने चार-पाच किलोमीटर पळून दम वाढतो, पण टायमिंग एका जागी अडकतं. अशा वेळी आठवड्यातून दोन दिवस एमिलची पद्धत धरता येते. ४०० मीटर जोरात, मग दोन-तीन मिनिटं चालत किंवा हळू पळत दम घ्यायचा, असं चार वेळा. पहिला तुकडा जेवढ्या वेळात, शेवटचाही साधारण तेवढ्याच वेळात झाला पाहिजे. पहिल्यालाच सगळी ताकद घालवली तर सराव फसला. जमायला लागलं की तुकडे एकेक करून वाढवायचे. बाकीचे दिवस हळू पळायचं आणि एक दिवस पूर्ण आराम.

पळण्याआधी अंग गरम करायला विसरू नका. रस्त्यापेक्षा शाळेचं ग्राउंड किंवा मातीची वाट बरी. नडगी किंवा गुडघा दुखायला लागला तर थांबा, अंगावर काढू नका.

आणि चाळीस तुकड्यांचा आकडा वाचून उद्याच तसं करायला जाऊ नका. १९४१ च्या त्या पहिल्या शर्यतीपासून हेलसिंकीपर्यंत एमिलला अकरा वर्षं लागली होती.