चाळिशीतली दुर्बीण

मराठीत जवळचे वाचायच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात. वयाचा आणि डोळ्यांचा संबंध भाषेने असा पक्का जोडून टाकल्यामुळे, चाळिशीच्या आसपास दुर्बीण घ्यावीशी वाटली की माणूस बिचकतो. आता आपल्याला काय दिसणार? डॉक्टर म्हणून सांगतो, चाळिशी इथे आड येत नाही. दुर्बिणीची घुंडी फिरवून प्रतिमा आपापल्या डोळ्याला जुळवून घेता येते. खरी अडचण वेगळीच असते. पाहायला शिकावे लागते, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. विल्यम हर्शेलने तो दिला.

विल्यमचा जन्म १७३८ चा, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. वडील लष्करी बँडमध्ये वादक. विल्यमही चौदाव्या वर्षी त्याच बँडमध्ये ओबो, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचे वाद्य, वाजवू लागला. १७५७ मध्ये युद्धाच्या धामधुमीत तो इंग्लंडला आला आणि १७६६ मध्ये बाथ शहरात ऑर्गनवादक म्हणून स्थिरावला. आठवड्याला तीसहून अधिक शिकवण्या, शिवाय मैफली. उत्तम चालले होते.

१७७३ मध्ये, पस्तिशीला टेकलेला असताना, त्याने खगोलशास्त्राचे एक पुस्तक विकत घेतले आणि एक छोटी दुर्बीण भाड्याने आणली. भाड्याने! मोठा आरसा विकत घेणे परवडेना, तेव्हा तो स्वतःच आरसे घडवू लागला. त्या काळी दुर्बिणीचे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील वितळवून ओतायचे, मग घासून घासून चकाकी आणायची. बैठकीच्या खोलीत सुतार नळी बनवतोय, निजायच्या खोलीत भाऊ लेथ चालवतोय, असे घराचे रूप झाले. विल्यमला मदत करायला हॅनोव्हरहून आलेली धाकटी बहीण कॅरोलिन खरे तर गायिका होण्यासाठी आली होती. एकदा आरसा घासताना त्याने सलग सोळा तास हात उचलला नाही, तेव्हा तिने त्याला घास भरवले.

१३ मार्च १७८१ च्या रात्री दहा-अकराच्या सुमारास घरी बनवलेल्या सात फुटी दुर्बिणीतून त्याला मिथुन राशीत एक ठिपका दिसला. तो ताऱ्यासारखा वाटेना. त्याने भिंगे बदलली : २२७ पट, मग ४६०, मग ९३२. तारा कितीही मोठा करून पाहिला तरी बिंदूच राहतो. ही चकती मात्र वाढत गेली. त्याला वाटले, धूमकेतू असावा. पुढे इतरांच्या गणिताने ठरले की हा ग्रह आहे, युरेनस. इंग्लंडचा राजज्योतिषी फ्लॅमस्टीड याने १६९० मध्येच हा ठिपका पाहून तारा म्हणून नोंदला होता! विल्यमचे म्हणणे असे की पाहणे ही शिकण्याची कला आहे. नवख्याला इतक्या शक्तीच्या दुर्बिणीतून पाहायला लावणे म्हणजे त्याला ऑर्गनवर हँडेलची अवघड रचना वाजवायला सांगणे. छातीचा एक्स-रे पहिल्यांदा हाती घेतलेल्या विद्यार्थ्याकडे पाहिले की मला हे पटते. चित्र तेच असते, पण त्याला काही दिसत नाही.

१७८२ मध्ये राजाने वर्षाला २०० पौंड देऊ केले. संगीतातली कमाई याहून जास्त होती, तरी विल्यमने संगीत सोडले. कॅरोलिनचे गाणेही त्याबरोबर सुटले. तिला कोणी फारसे विचारल्याचे दिसत नाही, आणि त्याच्या चरित्रातली ही बाजू मला नेहमी खटकते. लहानपणी टायफसच्या तापाने तिची वाढ खुंटलेली, उंची जेमतेम सव्वाचार फूट. १७८३ च्या अखेरच्या रात्री, बर्फात घाईने धावताना दुर्बिणीच्या खाली बसवलेला लोखंडी आकडा तिच्या गुडघ्याच्या वर शिरला आणि मांसाचा लचका निघाला. विंडसरच्या डॉ. जेम्स लिंड यांनी (लिंबूरसाने स्कर्व्ही बरा करणारे लिंड ते हे नव्हेत) तिला सांगितले की एखाद्या सैनिकाला अशी जखम झाली असती तर सहा आठवडे रुग्णालयात शुश्रूषा मिळाली असती.

दोघांची कामाची वाटणी मात्र शरीरशास्त्राला धरून होती. अंधारात बाहुली मोठी व्हायला काही क्षण पुरतात, पण दृष्टिपटलातले मंद प्रकाश टिपणारे रंगद्रव्य पुन्हा भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा दिवा पाहिला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून विल्यम बाहेर अंधारात दुर्बिणीला डोळा लावून ओरडून सांगे आणि कॅरोलिन घरात दिव्यापाशी बसून लिहून घेई. आजचे हौशी लोक दर पाच मिनिटांनी मोबाइल पाहतात आणि दुर्बिणीला दोष देतात. वीस वर्षांत या जोडीने सुमारे अडीच हजार तेजोमेघ आणि तारकापुंज नोंदले. कॅरोलिनने स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिला वर्षाला ५० पौंड पगार मिळू लागला.

१८०० मध्ये विल्यम सूर्य पाहण्यासाठी रंगीत काचा तपासत होता. काही काचांतून प्रकाश कमी येई, तरी उष्णता जाणवे. त्याने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तापमापक ठेवले, तर तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, पारा सर्वांत वर चढला. तो अवरक्त किरणांचा शोध. कोविडच्या काळात दारादारांत कपाळासमोर धरलेला तापमापक त्याच किरणांवर चालतो, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही. नवी दुर्बीण घेतलेल्यांना इथेच बजावतो : दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाशी योग्य गाळणी बसवल्याशिवाय तिच्यातून सूर्याकडे एक क्षणही पाहू नका. दृष्टिपटल जळताना दुखत नाही.

विल्यम १८२२ मध्ये त्र्याऐंशीव्या वर्षी गेला. कॅरोलिन हॅनोव्हरला परतली. समोरच्या घरांच्या उंच छपरांमुळे तिथे आकाश दिसत नसे, अशी तिची तक्रार होती. मग खोलीत बसून तिने भावाच्या तेजोमेघांची यादी पुतण्यासाठी नव्याने लावून काढली. ती पूर्ण झाली तेव्हा ती पंचाहत्तर वर्षांची होती. पुढे आणखी बावीस-तेवीस वर्षे ती जगली.