मुंबईच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख

आपल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू ज्ञातीत लेखणी व तलवार या दोहोंचा वारसा मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. परंतु वारशाची खरी कसोटी आचरणात लागते. त्या दृष्टीने कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र, विशेषतः त्यातील १९५६ सालचा प्रसंग, आपल्या तरुण पिढीने अवश्य अभ्यासावा.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याजवळील नाते या गावी झाला. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. केंब्रिज येथील शिक्षणानंतर १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला. मध्यप्रांत व वऱ्हाडात दीर्घकाळ सेवा केल्यावर १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, व १९५० साली केंद्रीय अर्थमंत्री. १९५२ साली कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेवर पाठविले. आपल्या पिंपरीचा पेनिसिलीनचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, तोही त्यांच्याच कारकीर्दीत.

याच सुमारास राज्यपुनर्रचनेचा प्रश्न ऐरणीवर आला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित राहील, असे घोषित केले. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. त्या योजनेत केंद्रशासित प्रदेशास विधानसभा नव्हती. खेड-मावळच्या शेतकऱ्यास आपला आमदार निवडता यावा आणि ज्यांच्या श्रमावर मुंबई उभी राहिली त्या गिरणी कामगारास, हमालास, कारकुनास मात्र तो हक्क नसावा, असा हा प्रकार होता. लोक रस्त्यावर आले; त्या चळवळीत शंभरावर माणसे गोळीबारात प्राणांस मुकली.

चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा पुढे केला होता. पंतप्रधानांच्या आग्रहास्तव ते काही काळ थांबले. पण निर्णय बदलत नाही असे पाहून जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. मुंबईविषयीच्या निर्णयाचा मंत्रिमंडळात यथायोग्य विचार झाला नाही आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही नाकारली गेली, हे त्यांनी लोकसभेत निर्भीडपणे मांडले. ते सभा गाजविणारे पुढारी नव्हते. म्हणूनच अशा संयमी प्रशासकाने सत्ता सोडली, याचा देशभर परिणाम झाला.

पुढे ऑगस्टमध्ये संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्याचा मार्ग पत्करला, आणि १ मे १९६० रोजी मुंबई राजधानी असलेले महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. याचे मुख्य श्रेय जनतेचे व हुतात्म्यांचे आहे, हे चिंतामणरावांच्या चाहत्यांनीही मान्य केले पाहिजे. आज मुंबई विधानसभेत ३६ आमदार पाठविते. दिल्लीने मात्र आपली विधानसभा १ नोव्हेंबर १९५६ रोजी गमावली. ती १९९३ साली परत मिळाली, तरी पोलीस व जमीन ही खाती केंद्राकडेच राहिली. अमेरिकेच्या राजधानीतील, वॉशिंग्टनमधील, नागरिकांना आजही त्यांच्या संसदेत मताधिकार असलेला प्रतिनिधी नाही.

मंत्रिपद सोडल्यावर चिंतामणराव स्वस्थ बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी शिक्षणक्षेत्राची सेवा केली. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले.

लोकप्रतिनिधी नसलेला कारभार कसा असतो, हे आपण पिंपरी-चिंचवडकरांनीही अनुभविले आहे. मार्च २०२२ नंतर काही वर्षे आपल्या महानगरपालिकेत नगरसेवक नव्हते. प्रशासकच कारभार पाहत होते. गल्लीतील पाण्याची तक्रार न्यावी कोणाकडे, हा प्रश्न घरोघरी पडे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आज आपली अनेक मुलेमुली मोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांनी चिंतामणरावांच्या परीक्षेतील यशाबरोबर हा त्यागही ध्यानी ठेवावा, आणि मतदानाचा दिवस केवळ सुटीचा मानू नये, एवढीच या वृद्ध शिक्षकाची विनंती आहे.