आवाजाची वाट शोधणारे वॉलेस सबाइन

तळमजल्यावर पाण्याचा पंप सुरू होतो आणि त्याची घरघर तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ऐकू येते. दारे-खिडक्या लावूनही ती थांबत नाही, कारण ती केवळ हवेतून नव्हे, तर खांब, स्लॅब आणि पाइपांमधूनही येते. इमारतीतल्या आवाजाचा असा हिशेब मोजमापाने मांडण्याचा पाया घातला तो अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस क्लेमेंट सबाइन यांनी.

सबाइन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी ओहायो राज्यातील रिचवुड येथे झाला. अठराव्या वर्षी पदवी घेऊन ते हार्वर्ड विद्यापीठात आले आणि तिथेच शिकवू लागले. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातले नवे व्याख्यानगृह डोकेदुखी ठरले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि त्यात पुढची बारा-पंधरा अक्षरे बुडून जात. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी हे काम तरुण सबाइन यांच्यावर सोपवले.

दिवसा रस्त्यावरच्या वाहतुकीचा गोंगाट असे, म्हणून सबाइन मध्यरात्रीनंतर प्रयोग करीत. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून अंथरायच्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायची आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ नोंदवायचा. मापनाचे मुख्य उपकरण म्हणजे त्यांचे स्वतःचे कान! अंगावरच्या कपड्यांनीही आवाज शोषला जाऊन आकडे बदलतात, हे लक्षात आल्यावर ते प्रयोगासाठी ठरावीक कपडेच घालू लागले. १८९८ मध्ये त्यांना सूत्र गवसले. खोलीचे आकारमान जितके जास्त, तितका आवाज अधिक काळ घुमतो. आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त, तितका तो लवकर विरतो. याच सूत्राच्या आधारे १९०० मध्ये बोस्टनचे सिम्फनी हॉल उभे राहिले. आवाज शोषण्याच्या एककाला आज ‘सॅबिन’ म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

पण खोलीतला आवाज शोषणे वेगळे आणि शेजारच्या खोलीत जाणारा आवाज अडवणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नावर सबाइन यांनी १९१५ मध्ये लेख लिहिला. नमदा आणि लोखंडी पत्रा यांचे थर लावून पलीकडे किती आवाज पोहोचतो, हे त्यांनी मोजले होते. यंत्राखाली नमदा किंवा बूच घातले की काम झाले, हा समजही त्यांनी तपासला. यंत्र आणि त्याखालची मऊ बैठक मिळून स्वतःच्या एका गतीने डोलतात. यंत्राच्या कंपनांची गती त्या गतीशी जुळली, तर हादरे घटण्याऐवजी वाढतात. म्हणूनच आजही पंपाखालचे रबर किंवा स्प्रिंग त्याचे वजन आणि फेऱ्यांची गती पाहून निवडावे लागते. शिवाय पाइपला लवचीक जोड नसेल, तर कंपने त्या वाटेने भिंतीत शिरतात.

पहिल्या महायुद्धात सबाइन यांनी सरकारी काम आणि अध्यापन यांचा दुहेरी भार उचलला. मूत्रपिंडाचा विकार बळावत असतानाही त्यांनी विश्रांती घेतली नाही. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्यांचे निधन झाले. उद्योजक जॉर्ज फेबियन यांनी त्यांच्यासाठी इलिनॉय राज्यातील जिनिव्हा येथे ध्वनिप्रयोगशाळा नुकतीच बांधून पूर्ण केली होती. बाहेरचे हादरे आत पोहोचू नयेत म्हणून तिथली चाचणीची खोली उरलेल्या इमारतीपासून सुटी ठेवलेली होती. त्या खोलीतले संशोधन पुढे त्यांच्या नात्यातल्या पॉल सबाइन यांनी चालवले.