वाटाण्याचे रोप आणि विम्याची पॉलिसी

समजा, 1912 सालच्या आरंभी मुंबईतल्या एखाद्या बँकेच्या अधिकाऱ्यापुढे कर्जाचा एक अर्ज आला असता. अर्जदाराचे वय 41. पदरी बायको आणि मुले. फोटो काढण्याचा धंदा करून सोडलेला, सरकारी नोकरी धरून सोडलेली, छापखाना नावारूपाला आणून त्यातूनही बाहेर पडलेला. नुकत्याच झालेल्या दुखण्याने डोळे अधू. आणि आता काढायचा आहे तो धंदा कसला, तर हलत्या चित्रांतून गोष्ट सांगण्याचा, जो या देशात अजून उभाच राहिलेला नव्हता. अशा अर्जांवर शेरे मारण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. हा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याने नामंजूर केला असता, आणि नियमावर बोट ठेवून पाहिले तर ते गैरही ठरले नसते.

अर्जदाराचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेबांचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण जनक, महर्षी असली विशेषणे लागली, की माणूस देवघरात जाऊन बसतो आणि त्याच्याकडून शिकायचे राहून जाते. म्हणून आज आपण त्यांच्याकडे घरातल्या घरात एक छोटा कलाव्यवसाय सुरू करणारा गृहस्थ म्हणून पाहू.

30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा मुलगा संस्कृत जाणणाऱ्या घरातला. 1885 मध्ये त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, मूर्तिकाम अशा अनेक गोष्टींवर हात बसवला. गोध्र्याला फोटोंचा धंदा मांडला, तेव्हा प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. मग जादूचे प्रयोग शिकून झाले, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी झाली, ती सोडून ठसे करण्याचे आणि छपाईचे काम झाले. रंगीत छपाईचे तंत्र पाहण्यासाठी 1909 साली ते जर्मनीला जाऊन आले. पण भागीदारांशी पटेना, तेव्हा ऐन भरात आलेला छापखाना त्यांनी सोडला.

नातेवाइकांच्या बैठकीत अशा माणसाला एका ठिकाणी न टिकणारा म्हणतात. पण हिशेब वेगळ्या रीतीने मांडून पाहा. कॅमेरा, रसायने, पडदे रंगवणे, मूर्ती घडवणे, नजरबंदी, यंत्राची उठाठेव या सगळ्याची गरज लागेल असा एकच धंदा जगात होता, आणि तो त्यांना अजून दिसायचा होता. तो 1911 च्या सुमारास गिरगावातल्या एका तंबूवजा चित्रपटगृहात दिसला. पडद्यावर येशू ख्रिस्ताचे चरित्र चालले होते आणि यांना तिथे राम-कृष्ण दिसू लागले.

इथवरची गोष्ट सर्वांना माहीत असते. यापुढे त्यांनी काय केले, ते उतावळेपणाचे होते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते फार सावधपणाचे होते. आधी त्यांनी मिळतील तितके चित्रपट पाहिले, तुकडे आणून घरी रात्ररात्र तपासले. त्यात डोळे गेल्यातच जमा झाले होते, उपचारांनी आणि चष्म्यांनी ते कसेबसे परत मिळाले. मग सुमारे 12000 रुपयांच्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी 10000 रुपये उभे केले आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठले. तिथे सिसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागवण्याची व्यवस्था केली. एप्रिलमध्ये ते परतले होते.

आता कॅमेरा होता, पण चित्रपटाला पुरेल इतका पैसा नव्हता. अशा वेळी बहुतेक माणसे भव्य योजनेचे कागद घेऊन सावकारांचे उंबरे झिजवतात. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी पक्का बसवून, थोडे थोडे चित्रण करत, महिन्याहून अधिक काळ त्यांनी त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर मात्र मिनिटभराच्या आसपास बी फुटून वर आले आणि वेल होऊन डुलू लागले. निवडक मंडळींना हा खेळ दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला पुढे आले.

कर्ज देणाऱ्याला कलेची पारख असेलच असे नाही. पण समोरच्याला आपले काम येते की नाही, हे त्याला डोळ्यांनी पाहायचे असते. कुंडीभर मातीच्या खर्चात फाळक्यांनी ते दाखवले. नवा धंदा काढणाऱ्याला अनिश्चितता संपवता येत नाही. पण तिचा एक लहानसा तुकडा आधी स्वतःच्या खर्चाने पार करून दाखवता येतो.

विषय निवडतानाही त्यांनी जोखीम कमीच केली. धंदा नवा, यंत्र नवे, नट नवखे. निदान गोष्ट तरी घरोघरी ठाऊक असलेली हवी. हरिश्चंद्राची कथा कळायला मुक्या पडद्याची अडचण नव्हती आणि प्रांताचीही नव्हती.

एक तारण मात्र कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. ते म्हणजे सरस्वतीबाई. त्यांनी अंगावरचे दागिने दिले. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे ही कामे त्या अंधाऱ्या खोलीत शिकल्या, आणि दादरच्या त्या घरात राबणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. घरचे श्रम खर्चाच्या वहीत लिहिले जात नाहीत, म्हणून छोटा धंदा स्वस्तात उभा राहिल्यासारखा वाटतो. वहीत तो रकाना असता, तर पहिली धनको सरस्वतीबाई ठरल्या असत्या.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला. फाळके नाशिकला गेले, त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’ आला. 1914 मध्ये लंडनमध्ये त्यांच्या चित्रपटांचे खेळ झाले, तिथे राहून काम करण्याचे आमंत्रणही मिळाले. ते नाकारून ते परतले. तेवढ्यात महायुद्ध भडकले, पैसा लावणारे मागे सरले आणि दिवस पुन्हा ओढगस्तीचे आले. त्यातून 1917 मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता दोघेही साळुंकेच होते. त्या चित्रपटाने इतका पैसा मिळवला, की बैलगाडीतून नाणी वाहून नेल्याची आठवण आजही सांगितली जाते.

या चरित्राचे खरे वळण मला इथे दिसते. पैसा नव्हता तोवर फाळके मोडले नाहीत. पैसा चालत आला आणि पेच पडला. 1918 मध्ये भांडवलदार भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ असे गाजलेले चित्रपट निघाले. पण भागीदारांना खर्चाचा आणि वेळेचा हिशेब हवा होता, फाळक्यांना मनासारखे काम हवे होते. दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. मतभेद विकोपाला गेले, फाळके सारे सोडून काशीला गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. 1922 मध्ये ते त्याच कंपनीत परतले, पण आता घर त्यांचे नव्हते, ते तिथे कामाला होते.

छापखान्यात जे घडले होते, तेच इथे पुन्हा घडले. वाटाण्याची वाढ महिनाभर धीराने टिपणाऱ्या या माणसाने भागीदारीची कलमे तेवढ्या धीराने वाचली असती, तर? कुणाचा शब्द कशात अखेरचा, खर्चाची मर्यादा कोणती, वेगळे व्हायचे झाल्यास काय घेऊन जायचे, हे सगळे गोडीगुलाबीचे दिवस असतानाच लिहून ठेवायचे असते. कलावंताला ते संशयीपणाचे वाटते. पुढे भांडण झाले, तर तो कागदच मैत्री वाचवतो.

बोलपट आले आणि काळ पुढे सरकला. ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. 1937 चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा सर्वोच्च पुरस्कार 1969 सालापासून दिला जाऊ लागला, आणि दादरच्या ज्या हमरस्त्यावर त्यांनी तो पहिला संसार मांडला, तो रस्ताही आता त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आपल्याही घरात एखादी मुलगी मातीची भांडी करायचे म्हणत असेल, एखादा मुलगा नोकरी सोडून चित्रे छापायचे म्हणत असेल. तिला किंवा त्याला लगेच होकार देऊ नये, नकार तर मुळीच देऊ नये. आधी एक कुंडी द्यावी आणि महिनाभर वाट पाहावी. रोप वर आले, तर मग घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे आणि कोण काय देणार, किती देणार आणि कुठे थांबणार, हे वहीत लिहून काढावे. त्या वहीत स्वयंपाकघराचाही रकाना असू द्यावा.