नामकर्त्री फ्लोरा शॉ

एका विशाल देशाचे नाव वृत्तपत्राच्या स्तंभात जन्माला यावे, हे विरळाच. ८ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉयल नायजर कंपनीच्या ताब्यातील मुलखाला ‘नायजेरिया’ म्हणावे, असे फ्लोरा शॉ यांनी सुचविले आणि ते रूढ झाले.

१८५२ मध्ये जन्मलेल्या या विदुषीने लेखनाचा श्रीगणेशा केला तो बालवाङ्मयाने. ‘कॅसल ब्लेअर’ (१८७७) या त्यांच्या कादंबरीतील मुले आयर्लंडमध्ये जमीनदाराच्या कारभाऱ्याविरुद्ध बंड पुकारतात. रस्किनसारख्या चोखंदळ टीकाकाराने तिची वाखाणणी केली. मुलांचा संताप इतक्या आत्मीयतेने जाणणारी हीच लेखणी पुढे साम्राज्याच्या कारभाऱ्यांची वकिली करू लागली, हे नवलच! ‘टाइम्स’चे वसाहतविषयक संपादकपद त्यांनी भूषविले, स्त्रीला ते त्या काळी दुर्लभच होते. ट्रान्सवालवरील जेमसनच्या फसलेल्या स्वारीच्या संसदीय चौकशीत १८९७ मध्ये त्यांना साक्षही द्यावी लागली.

१९०२ मध्ये त्या उत्तर नायजेरियाचे हायकमिशनर लुगार्ड यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. ‘ए ट्रॉपिकल डिपेंडन्सी’ (१९०५) या ग्रंथात त्यांनी अरब इतिहासकारांच्या आधारे घाना, माली, सोंघाय या राज्यांचे वैभव आणि टिंबक्टूची विद्वत्ता आदराने वर्णिली. अखेरीस येतो तो पतीचा कानो-सोकोटोविजय. शतकानुशतके राज्ये चालविलेल्या लोकांना परकीय पालक कशाला हवा, हा प्रश्न मात्र या ग्रंथाला पडत नाही.

१९२९ मध्ये त्या निवर्तल्या. १९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या देशाने त्यांचे साम्राज्य झुगारले. नाव तेवढे ठेवले.