कै. गोपाळबाबा वलंगकर : अल्पचरित्र



आपले चिचगड वनप्रदेशात वसलेले. कोकणातील महाडपासून शेकडो मैल दूर. तरीही महाडनजीकच्या रावढूळ गावच्या एका निवृत्त हवालदाराचे चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक असावयास हवे. चिचगड ही एके काळी भंडारा जिल्ह्यातील जमीनदारी होती. जुन्या मध्य प्रांतात गावचा कोतवाल पुष्कळदा आपल्याच समाजाचा असे. ज्या गावाची तो रात्र जागून राखण करी, त्या गावच्या विहिरीवर मात्र त्यास हक्क नसे. कर्तव्य आपले आणि मान दुसऱ्याचा, ही विसंगती आपल्यातील ज्या थोड्यांनी प्रथम लेखणीने चव्हाट्यावर आणली, त्यांत गोपाळबाबा अग्रणी होत.

त्यांचा जन्म सन १८४० च्या सुमारास झाला. लष्करात भरती होऊन ते हवालदारपदास पोहोचले व १८८६ मध्ये सेवानिवृत्त झाले. दापोलीस तेव्हा आपल्या पेन्शनर शिपायांची वस्ती होती. पलटणीने या मंडळींस अक्षरओळख, शिस्त आणि चार पैसे दिले होते. गावकुसाबाहेरील बांधवांच्या मानाने ती सुस्थितीत होती. स्वस्थ बसणे कोणासही सहज शक्य होते. गोपाळबाबांनी मात्र ही सुस्थिती समाजाचे ऋण मानली. जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झाला होता. ‘दीनबंधु’ व ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेखन केले, १८८८ मध्ये विटाळाच्या कल्पनेवर प्रहार करणारी पुस्तिका लिहिली आणि दापोली येथे अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली.

इतक्यात मोठा आघात झाला. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ज्यांनी रक्त सांडले, त्यांच्या वंशजांस लढाऊ जातींच्या नव्या सिद्धांतानुसार १८९२-९३ च्या सुमारास सैन्यभरती बंद करण्यात आली. उन्नतीची एकमेव वाटच खुंटली. गोपाळबाबांना स्वतःला पेन्शन मिळत होते. त्यांचे वैयक्तिक नुकसान काहीच नव्हते. तथापि पुढील पिढीसाठी १८९४ मध्ये त्यांनी सरकारास उद्देशून सविस्तर अर्ज सिद्ध केला व पूर्वजांच्या सेवेचा हिशेब मांडला.

१८९५ मध्ये सरकारने त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक केली. एक अस्पृश्य गृहस्थ सभासद म्हणून शेजारी बसणार, हे उच्चवर्णीयांस रुचले नाही. पण रणांगणाची सवय असलेल्या या पुरुषास सभेतील रोषाचे भय कसले! १९०० मध्ये त्यांचे देहावसान झाले.

लष्कराचे दार त्यांच्या हयातीत उघडले नाही. पहिल्या महायुद्धात ते काही काळ उघडले, पुन्हा मिटले. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. त्यापूर्वीच, २० मार्च १९२७ रोजी, त्याच महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते.

आज आपल्यापैकी अनेक कुटुंबांत नोकरी आहे, पेन्शन आहे. गणवेश उतरला म्हणून कर्तव्य उतरत नाही, एवढे जरी या चरित्रातून आपण घेतले, तरी गोपाळबाबांचे स्मरण सार्थकी लागेल.